स्कोपचा क्रॉस सरळ करायचं किट: कोणतं घ्यावं, कोणतं सोडावं, आणि गवंड्याचा ओळंबा का आणावाच

रायफलवरच्या दुर्बिणीतली, म्हणजे स्कोपमधली, उभ्या-आडव्या रेषांची फुली (क्रॉस) सरळ बसवायला ऑनलाइन ‘स्कोप लेव्हलिंग किट’ शोधलं की तीन प्रकारचं सामान समोर येतं. पहिलं म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या दोन पाणसळी, तळाला चुंबक लावलेल्या. दुसरं, बॅरलला शिकंज्यासारखी चिमटणारी पाणसळ आणि तिच्या जोडीला एक सुटी पाणसळ. तिसरं, स्कोपच्या ट्यूबवर कडं घालून कायमची बसवायची छोटी पाणसळ. काही विक्रेते तिन्ही वस्तू एकाच डबीत घालतात आणि वर दोन ॲलन की टाकतात. किंमत विक्रेत्यागणिक बदलते, म्हणून आकड्यात शिरत नाही. प्रश्न पैशांचा कमी आणि कामाचा जास्त आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. ट्यूबवरची पाणसळ प्रत्येकाने घ्यावी. बॅरलला चिमटणारी जोडी चार-पाच मित्रांत मिळून एक पुरते. चुंबकाची जोडी एकटी विकत घेण्यात अर्थ नाही. आणि ज्या वस्तूने काम खऱ्या अर्थाने पुरं होतं ती कोणत्याच डबीत नसते. ती जळगावात काय, चोपड्यात, चाळीसगावात, शिरपुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात टांगलेली असते: गवंड्याचा ओळंबा.

हे सगळं खांदेशातल्या नेहमीच्या सामानाला धरून लिहिलं आहे, म्हणजे 0.177 कॅलिबरची (4.5 मिमी छर्‍याची) एअर रायफल. स्प्रिंगवाली असो वा हवेच्या सिलिंडरची पीसीपी, वर 1 इंची किंवा 30 मिमी ट्यूबचा स्कोप आणि समोर कागदाचं टार्गेट. 0.177 आणि 20 ज्यूलच्या आतली रायफल 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय घेता येते. पण म्हणून पोपट, होले, मोर यांच्यावर रोखायची ती वस्तू नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा शेताच्या बांधावरही लागू असतो. 10 मीटरच्या ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना या लेखाचा उपयोग नाही, कारण तिथे रायफलवर दुर्बीण चालतच नाही. स्वप्नील कुसाळेंनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेही डोळ्यासमोरच्या बारीक छिद्राच्या साइटने. स्कोप लागतो तो 25, 40, 50 मीटरवर कागद फोडायची हौस असलेल्यांना.

तिरपेपणाने नेमकं बिघडतं काय

‘क्रॉस थोडा वाकडा आहे, पण झिरो तर बसलाय ना?’ असं बरेच जण म्हणतात. झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर क्रॉसचा मध्य रोखला तिथेच छर्रा लागणं. 10 मीटरवर ते खरंही असतं, आणि तिथेच फसगत होते.

साधारण 8.4 ग्रेनचा छर्रा सेकंदाला 180 मीटरने सुटला असं धरा. बॅरलच्या सरळ रेषेपासून तो 10 मीटरवर सुमारे दीड सेंटीमीटर खाली येतो, 25 मीटरवर साडेदहा सेंटीमीटर आणि 50 मीटरवर जवळजवळ 46 सेंटीमीटर. बॅरल किंचित वर रोखलेलं असतं ते ही घट भरून काढायला. आता रायफल हातात उजवीकडे 3 अंश कलली, तर त्या ‘वर रोखण्याचा’ थोडा वाटा उजवीकडे वळतो. तो किती, हे घट गुणिले 3 अंशाचा साइन, म्हणजे 0.052, इतकं सोपं आहे. 10 मीटरवर तो एक मिलिमीटरही भरत नाही. 25 मीटरवर साडेपाच मिलिमीटर होतो, म्हणजे छर्‍याच्या जाडीपेक्षा जास्त. 50 मीटरवर 24 मिलिमीटर. छर्रा उजवीकडे जातो आणि किंचित खालीही पडतो. मग माणूस वाऱ्याला दोष देतो, छर्‍याची डबी बदलतो, विंडेजचा (डावी-उजवीचा) नॉब फिरवत बसतो. दुसऱ्या दिवशी रायफल सरळ धरली गेली की छर्रे डावीकडे जातात.

ही झाली हाताची तिरपी. दुसरी असते बसवण्याची तिरपी. तिच्यात रायफल सरळ असते, पण स्कोप त्याला धरणाऱ्या रिंगमध्ये फिरलेला असतो. 25 मीटरला झिरो केलेल्या वरच्याच रायफलने 50 मीटरवर मारताना क्रॉसच्या उभ्या रेषेवरचा सुमारे 4 मिल खालचा ठिपका वापरावा लागतो (1 मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). क्रॉस 3 अंश फिरलेला असेल तर तो ठिपका मधल्या रेषेखाली नसतो, बाजूला असतो. त्यामुळे 50 मीटरवर छर्रा एक सेंटीमीटर आडवा जातो. नॉब फिरवून उंची देणाऱ्यांचंही तसंच होतं. नॉब ‘वर’ म्हणतो आणि नेतो तिरपं.

तिसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, आणि किटवरचे पैसे तिथेच वाचतात. क्रॉस पृथ्वीशी सरळ असेल आणि त्याखाली रायफलच 3 अंश कलंडलेली असेल, तर काय बिघडतं? फारसं काही नाही. स्कोप बॅरलच्या 45 मिमी वर असेल तर बॅरल त्याच्या बरोबर खाली न राहता 2.4 मिमी बाजूला सरकतं. 25 मीटरला झिरो असेल तर 50 मीटरवर तेवढेच 2.4 मिमी उलट्या बाजूला जातात, बस. म्हणून सरळ असायला हवा तो क्रॉस, आणि तोही गुरुत्वाकर्षणाशी. रायफलच्या दस्त्याशी, रेलशी (स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीशी) किंवा रंगकामाशी नव्हे. ज्यांच्या खांद्यात रायफल नैसर्गिकपणे जराशी आत कलते त्यांनी ती जबरदस्तीने सरळ करायची गरज नाही. तशी कललेली असतानाच क्रॉस ओळंब्यात बसवला, आणि दर वेळी तसाच धरला, तरी चालतं.

चुंबकाची जोडी

कल्पना अशी: एक पाणसळ रायफलच्या रेलवर, दुसरी स्कोपच्या वरच्या टरेटच्या (उंचीच्या नॉबच्या) टोपीवर. दोन्ही बुडबुडे मध्ये आले की स्कोप सरळ. दिसायला छान, पण अडचणी तीन.

चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही. पीसीपीचा रिसीव्हर (बॅरल ज्यात बसतं तो मधला सांगाडा) बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, टरेटची टोपीही तशीच. तिथे पाणसळ नुसती ठेवलेली असते आणि जरा धक्का लागला की सरकते. स्प्रिंगवाल्या रायफलचा सिलिंडर पोलादी असतो, तिथे चुंबक घट्ट धरतो. पण तो गोल! गोल पाइपवर सपाट पाणसळ डोलते, ती कुठेही चिकटली तरी ‘सरळ’च दाखवू शकते. डव्हटेलच्या, म्हणजे स्कोपची बैठक पकडणाऱ्या, खाचेलगतची जेमतेम सपाट पट्टी 9 ते 11 मिमी असते, तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी अडचण टोपीची. पाणसळ टोपीचा माथा बघते, क्रॉस बघत नाही. टोपी आट्यांवर फिरणारा सुटा भाग आहे. तिच्या 25 मिमी व्यासाच्या काठाखाली एका बाजूला 0.2 मिमीचा कचरा किंवा रंगाचा थेंब असला तरी जवळजवळ अर्ध्या अंशाचा फरक पडतो. टोपी काढून आतल्या सपाट भागावर पाणसळ ठेवणं त्यापेक्षा बरं. तरीही क्रॉस आतल्या चौकटीत कारखान्यात कसा बसवला, हे बाहेरून कोणतीही पाणसळ सांगू शकत नाही.

तिसरी अडचण पाणसळीचीच. स्वस्त पाणसळीत काचेची नळी तळाशी समांतर बसवलेलीच असेल याची खात्री नसते. त्यासाठी हातात आल्याबरोबर उलटून बघण्याची परीक्षा घ्यावी. काचेच्या तुकड्यावर पाणसळ ठेवा, बुडबुडा कोणत्या रेषेला लागतो ते बघा. मग पाणसळ जागच्या जागी अर्धी फिरवा, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा त्याच बाजूला तितकाच सरकलेला दिसला तर काच कललेली आहे आणि पाणसळ ठीक आहे. बुडबुडा पाणसळीच्याच एका टोकाकडे धावत राहिला, तर पाणसळ खोटी. परत पाठवा.

ती किती बारीक दाखवते हेही तपासता येतं. कोणत्याही मोटारसायकल गॅरेजमध्ये टॅपेट लावायचं फिलर गेज असतं. 35 मिमी लांबीच्या पाणसळीच्या एका टोकाखाली 0.30 मिमीची पत्ती सारली की बरोबर अर्ध्या अंशाचा कल होतो. तेवढ्याने बुडबुडा डोळ्याला कळेल इतका हलला पाहिजे. जागचा हललाच नाही, तर त्या पाणसळीने स्कोप बसवणं म्हणजे अंदाजपंचे काम. 50 मिमीची असेल तर 0.45 मिमीची पत्ती घ्या, 0.20 आणि 0.25 एकत्र धरून.

बॅरलला चिमटणारी जोडी

व्हीलर कंपनीच्या व्यावसायिक संचाने रूढ झालेली ही रचना आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. सुटी पाणसळ आधी रिसीव्हरच्या सपाट जागी ठेवून रायफल सरळ करायची. मग बॅरलला चिमटलेल्या पाणसळीचा बारीक स्क्रू फिरवून तिचा बुडबुडाही मध्ये आणायचा. आता रिसीव्हरचा सरळपणा बॅरलवर ‘नोंदवला’ गेला. सुटी पाणसळ उचलून टरेटवर नेता येते आणि रिंगचे स्क्रू आवळताना रायफल हलली की बॅरलवरची पाणसळ लगेच चुगली करते. चुंबकाच्या जोडीत हीच सोय नाही. स्कोप बसला की रेल झाकली जाते आणि खालची पाणसळ ठेवायला जागाच उरत नाही.

घेताना एकच बघा. पीसीपीच्या बॅरलवर पातळ आवरणाचा पाइप असतो. चिमटा त्या पाइपला बसतो आणि पाइप आट्यांवर जरासा फिरला की सगळी नोंद गेली. अशा रायफलवर चिमटा आवरण सोडून सिलिंडरवर किंवा आवरण रिसीव्हरला मिळतं त्या मुळाशी लावा. चिमट्याच्या तोंडाला रबर किंवा प्लास्टिक नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर ब्ल्यूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) ओरखडे उठतात. ओरखडा उठला की पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.

तरीही या जोडीचं शेवटचं माप टरेटच्या टोपीवरच येऊन थांबतं. क्रॉस तिलाही दिसत नाही.

ओळंबा

क्रॉस थेट बघणारी एकच रीत आहे: दूर टांगलेली, गुरुत्वाने सरळ झालेली दोरी आणि तिच्या शेजारी आणलेली क्रॉसची उभी रेष.

ओळंबा कोणताही चालतो, वजनदार असला की बरा. बांधकामाचा सूत फार बारीक असतो, 20 मीटरवर स्कोपमध्ये क्रॉसच्या रेषेखाली तो दडून जातो. त्याऐवजी दोन-तीन मिमीची पांढरी नायलॉनची दोरी लावा. मागे काळं कापड किंवा घोंगडं. दोरी माणसाच्या उंचीइतकी तरी लांब असावी, कारण क्रॉसची उभी रेष वरपासून खालपर्यंत दोरीशी जुळते की नाही हे लांबीवरच कळतं. अंतर 20 ते 25 मीटर.

आपल्याकडे खरा शत्रू वारा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर मळ्यात दोरी क्षणभर थांबत नाही. त्यावर गवंड्यांचीच युक्ती: ओळंब्याचा गोळा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायचा, तळाला आणि कडेला न टेकू देता. पाणी झोके खाऊन टाकतं. तरी दोरी फुगत असेल तर केळीच्या बागेच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला या. सकाळी सातच्या आधी काम उरकलं तर झळांनी दोरी लहरताना दिसण्याचाही प्रश्न येत नाही.

रायफल मोकळी आहे, चेंबरमध्ये छर्रा नाही, पीसीपी असेल तर कॉक केलेली नाही, हे आधी बघून घ्या. मग ती दोन पिशव्यांवर ठेवा. गिरणेची चाळलेली, वाळवलेली वाळू जुन्या जीन्सच्या पायात शिवून भरली की उत्तम पिशवी होते. ओली वाळू भरू नका, ती सुकताना दबते आणि रायफल हळूहळू कलते. टेबल समपातळीत नसलं तरी बिघडत नाही, काळ्या मातीत रोवलेलं टेबल तसंही दर पावसाळ्यात कलतं. दोरी सरळ आहे ना, मग झालं.

स्कोपला पॅरॅलॅक्सचं (अंतराप्रमाणे चित्र जुळवायचं) कडं असेल तर ते दोरीच्या अंतरावर लावा. आयपीस (डोळ्याकडचं भिंग) फिरवून आधी क्रॉस स्वच्छ दिसू द्या, मग दोरी स्वच्छ दिसू द्या. हा क्रम उलटा केला की डोळा हलला तरी क्रॉस दोरीवर सरकतो आणि नेमकं काय जुळलं ते कळत नाही. मोठेपणा मधला ठेवा, 6 ते 9 पट. फार वाढवला की दोरीचा थोडाच भाग दिसतो.

रिंगचे वरचे स्क्रू इतकेच सैल हवेत की स्कोप बोटांनी घट्टसर फिरेल, आपोआप लोळणार नाही. आता रायफल नेहमी जशी धरता तशी खांद्याला टेकवा, दोरी उभ्या रेषेच्या शेजारी आणा आणि स्कोप फिरवत रेष दोरीला समांतर करा. रेष दोरीवर टेकवून बघू नका, शेजारी एका केसाचं अंतर ठेवून बघा. अंतर वर आणि खाली सारखं आहे की पाचर झाली, हे डोळा फार अचूक सांगतो. दोन रेषा एकमेकींवर टेकल्या की तो अंदाज जातो.

घरात करायचं तर रात्री दुसरी रीत आहे. खोलीतले दिवे घालवून आयपीसच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च धरा. पॅरॅलॅक्सचं कडं भिंतीच्या अंतरावर लावलेलं असलं की समोरच्या भिंतीवर क्रॉसची सावली उमटते. भिंतीवर ओळंबा टांगा आणि सावली त्याच्याशी जुळवा. बहुतेक एअर रायफल स्कोपचं कडं 10 यार्डांपर्यंत येतं, म्हणजे साधारण नऊ मीटर, एवढं मोकळं अंतर मात्र हवं. भिंतीचा कोपरा किंवा दाराची चौकट ओळंबा समजू नका. त्या सरळच असतील याची हमी नाही.

स्क्रू आवळताना काय होतं

अर्धी मेहनत इथे वाया जाते. क्रॉस बरोबर जुळवलेला असतो, आणि पहिला स्क्रू पूर्ण आवळला की तो अंशभर फिरतो. कारण साधं आहे: रिंगच्या वरच्या अर्ध्या टोपीची एक बाजू खाली ओढली गेली की ती ट्यूबला स्वतःबरोबर फिरवते. चार स्क्रूंच्या रिंगमध्ये समोरासमोरचे स्क्रू तिरकस क्रमाने पाव-पाव फेऱ्याने आवळा. दर फेरीनंतर स्कोपमधून दोरीकडे बघा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एक बाजू पूर्ण बंद आणि दुसरी उघडी असेल तर ट्यूब चिरडली जाते आणि कडेला चट्टा पडतो.

जोर मोजून लावा. रिंगच्या वरच्या स्क्रूंना 15 ते 18 इंच-पाउंड पुरतं, म्हणजे 1.7 ते 2 न्यूटन-मीटर. किटमधल्या छोट्या ॲलन कीच्या आखूड बाजूला दोन बोटांनी जोर लावला की साधारण तेवढं होतं, लांब बाजू धरून मूठ लावली की दुप्पट. टॉर्क ड्रायव्हर असेल तर अंदाज कशाला? तो बाहेरून मागवावा लागला तरी गटात एक असावा. स्क्रूवर निळं लॉकटाइट (स्क्रू सैल पडू न देणारं चिकट द्रव्य) घालायचं तर जोर थोडा कमी ठेवा. ओलं लॉकटाइट स्क्रूला घसरतं करतं आणि त्याच जोराने पकड जास्त बसते. लाल लॉकटाइटला हात लावू नका, तापवल्याशिवाय ते सुटत नाही आणि तापवलं की स्कोपचं सील जातं.

आवळायच्या आधी रिंगच्या आतून बोट फिरवा. आपल्याकडची काळी धूळ तेलात मिसळली की बारीक पॉलिश पेपरसारखी काम करते, ट्यूब घासतेही आणि घसरतेही. थिनर किंवा स्पिरिटच्या कापडाने ट्यूब आणि रिंग पुसून कोरडी करा. स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का दोन्ही दिशांना असतो, आधी मागे आणि पिस्टन आपटताना पुढे. तिच्या माउंटला (रिंगांच्या बैठकीला) थांबवणारी पिन हवीच आणि ती रेलच्या खड्ड्यात बसलेली हवी. नाहीतर क्रॉस कितीही सरळ लावा, माउंटच मागे सरकत जातं.

खातरी

स्कोप आवळून झाला की रायफल पिशव्यांवर घट्ट बसवा, क्रॉसचा मध्य दोरीवर आणा आणि रायफल अजिबात न हलवता उंचीचा नॉब फिरवा. मध्य दोरीवरूनच वर-खाली सरकला तर क्रॉस आणि नॉब एकमेकांशी जुळलेले आहेत. उभी रेष दोरीला समांतर आहे पण मध्य हळूहळू दोरी सोडून जातो, तर क्रॉस कारखान्यातच फिरलेला बसला आहे. बाहेरून त्यावर इलाज नाही. नॉब फिरवून मारत असाल तर मध्याचा प्रवास दोरीवर आणा, ठिपके धरून मारत असाल तर रेष दोरीवर आणा. फरक डोळ्याला ठळक दिसण्याइतका असेल तर हमीच्या मुदतीत स्कोप परत करा. कितीही चांगलं किट आणलं तरी हा दोष त्याला दिसणार नाही. ओळंबा म्हणूनच वरचढ.

कागदावरची परीक्षा 25 मीटरवर घ्या. मीटरभर लांब कागद लावून त्यावर ओळंब्यानेच उभी रेष मारा. रेषेच्या खालच्या टोकाला रोखून पाच छर्रे. मग रोख तोच ठेवून उंची 10 मिल वाढवा. 25 मीटरवर 10 मिल म्हणजे 25 सेंटीमीटर. 0.1 मिलच्या नॉबला 100 क्लिक, पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) नॉबला सुमारे 137. नॉबला तेवढी वाट उरली नसेल तर 5 मिलवर करा. पुन्हा पाच छर्रे. वरचा गट रेषेपासून 4.4 मिमी बाजूला गेला तर तिरपी एक अंशाची आहे. म्हणजे 10 मिलच्या परीक्षेत एक अंश म्हणजे जवळपास एका छर्‍याची जाडी, लक्षात ठेवायला सोपं. गट रेषेच्या उजवीकडे एक छर्रा भरला तर क्रॉस एक अंश उजवीकडे कललेला आहे. वारा असेल त्या दिवशी ही परीक्षा घेऊ नका. आणि मागे मातीचा उंच बांध हवाच, एवढासा छर्रा दीडशे-दोनशे मीटरच्याही पुढे जातो आणि शेतात माणसं वाकून काम करत असतात.

ट्यूबवरची पाणसळ

आता त्या वस्तूकडे येतो जी खरंच घेण्यासारखी आहे. ओळंब्याने क्रॉस एकदा सरळ होतो. पण दर गोळीला तो सरळ धरलाय की नाही, हे सांगणारं काही तरी डोळ्यासमोर हवं. खांद्याला रायफल लावली की 2-3 अंशांची तिरपी कुणालाच जाणवत नाही. विशेषतः उतारावर किंवा तिरप्या बांधापुढे बसलं की डोळा बांधालाच आडवी रेषा समजतो.

घेताना ट्यूबचं माप आधी बघा, 1 इंच म्हणजे 25.4 मिमी, नाहीतर 30 मिमी. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. 30 चं कडं 1 इंचीवर पट्टी भरून बसवलेलं कधीच एका जागी राहत नाही. कड्याला दोन बाजूंनी दोन स्क्रू असतील तर उत्तम, एकाच स्क्रूचं कडं आवळताना फिरतं. पाणसळ बाजूला उघडणारी घेतली तर दुसऱ्या डोळ्याने ती दिसते आणि रायफल पिशवीत घालताना मिटते. ट्यूबच्या अगदी माथ्यावर बसणारी घेऊ नका, ती बघायला डोकं उचलावं लागतं आणि गाल दस्त्यावरून सुटतो.

ती बसवायची सगळ्यात शेवटी. रायफल पिशव्यांवर, क्रॉस दोरीला समांतर, आणि तसंच असताना कडं फिरवून बुडबुडा मध्ये आणायचा. आधी कडं बसवून त्याच्यावरून क्रॉस जुळवणं म्हणजे उलटा कारभार. कड्याचे स्क्रू हलक्या हाताने आवळा, ट्यूब पातळ ॲल्युमिनियमची आहे आणि आत लेन्सची सरकती नळी असते. जास्त आवळलं की मोठेपणाचं कडं जड फिरायला लागतं, तीच खूण.

खांदेशच्या उन्हाचा यावर परिणाम होतो. मे महिन्यात पारा 44-45 ला पोचला की पाणसळीतला द्रव फुगतो आणि बुडबुडा आखूड होतो. सकाळी दोन रेषांना टेकणारा बुडबुडा दुपारी मध्ये सैल तरंगताना दिसेल. पाणसळ खराब झालेली नाही. दोन्ही रेषांपासून अंतर सारखं आहे का तेवढं बघा. बंद गाडीत काचेमागे मात्र ठेवू नका. प्लास्टिकची नळी तिथे तापून चिरते आणि द्रव झिरपला की बुडबुडा रोज मोठा होत जातो. तशी पाणसळ टाकून द्यायची.

क्रॉस, रिंगा आणि पाणसळ जागेवर बसल्या की रिंग आणि ट्यूब मिळतात तिथे नेलपॉलिशचा एक बारीक उभा ठिपका द्या, अर्धा रिंगवर अर्धा ट्यूबवर. तसाच एक कड्यावर, एक माउंट आणि रेलच्या सांध्यावर. स्प्रिंगवाल्या रायफलला पाचशे छर्‍यांची एक डबी संपली की ते ठिपके भिंगातून बघा. ठिपका तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले असतील तर स्क्रू सैल पडला आहे. नुसता आवळू नका, पुन्हा दोरी टांगा.